बचाव शिकवणारा माणूस

सिंगापूरच्या बुकित बातोकला आमच्या फ्लॅटजवळच्या मैदानावर शनिवारी सकाळी बायकांचा फ्लॅग फुटबॉल चालतो. अमेरिकन फुटबॉलचाच हा सौम्य प्रकार. अंगावर धडकायचं नाही. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची पट्टी ओढली की तिथेच डाव थांबतो. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आग्रहाने मी गेले तेव्हा पंचेचाळिशी जवळ आली होती आणि शाळा सुटल्यापासून मी कुठल्याच चेंडूला हात लावला नव्हता.

आमचा कोच अमेरिकेत व्यावसायिक संघाच्या बचाव फळीत खेळलेला. बायको बुकित तिमाहच्या एका शाळेत शिकवायची, म्हणून तो सिंगापूरला आला होता. धिप्पाड माणूस, पण बाकावरून उठताना मांड्यांवर हात रोवून जोर लावावा लागायचा. अख्ख्या कारकिर्दीत त्याने एकही गुण मिळवला नव्हता आणि हे तो अभिमानाने सांगायचा. गुण मिळवणं इतरांचं काम, त्याचं काम अडवण्याचं.

मलाही त्याने बचावात उभं केलं. सुरुवातीला मी प्रत्येक हुलकावणीला फसायचे.

"डोळ्यांकडे बघू नकोस," तो म्हणाला. "कंबर बघ. कंबर जाते तिथेच माणूस जातो."

हळूहळू पट्ट्या हाती लागू लागल्या. मग एका सामन्यात माझं बोट मोडलं. नवऱ्याने आधी बर्फ लावला आणि मग, हे आता पुरे, असं सुचवून पाहिलं. या वयात कुणाला काय दाखवून द्यायचंय, असं आईने पुण्याहून फोनवर विचारलं. लेक तेवढी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट प्ले लाह."

त्या दिवाळीत कोच आणि त्याची बायको आमच्याकडे फराळाला आले. नवऱ्याचा एक मित्रही होता. त्याने कोचच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग हळहळत म्हणाला, की एका खेळापायी शरीराची वाट लागली, आणि बचाव करणाऱ्यांची नावं कुणाच्या लक्षात तरी राहतात का?

कोचने हातातली चकली खाली ठेवली. "गुडघे गेले हे खरं आहे. पण ते मी वापरले. माझी कीव करू नका."

मित्र सारवासारव करू लागला. एरवी मी हसून विषय बदलला असता. त्या दिवशी म्हटलं, "बोट बरं झालं की मी पुन्हा उतरणार आहे. आणि त्यासाठी कुणाची परवानगी काढणार नाहीये."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मित्रापुढे चिवड्याची बशी सरकवली. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

बायकोची नोकरी संपल्यावर कोच परत गेला. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता तो काठी घेऊन चालतो, आणि गावातल्या मुलींना शिकवतो. इथे नव्या आलेल्या बायकांना बचाव मी शिकवते.

गेल्या हंगामात यिशुनच्या एका तरुण संघाशी गाठ पडली. त्यांची कॅप्टन मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आंटीच्या बाजूने घुसा, इझी लाह." त्या घुसल्या. मी पट्टी ओढली. पुन्हा घुसल्या, पुन्हा ओढली. मग मात्र त्यांनी बाजू बदलली.

सामना आम्ही हरलो, पण माझ्या बाजूने नव्हे. पुढच्या हंगामासाठी मी नाव दिलंय.