खोली फक्त खेळणाऱ्याला

अर्जदार: मी स्वतः, वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण नववीपर्यंत, पूर्वीचा व्यवसाय तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर अर्ज लिहिणे, हल्ली मुक्काम इंगोलश्टाट, जर्मनी.
सामनेवाले: येथील मराठी विद्यार्थ्यांच्या फुटबॉल संघाचे चालक, ज्यांना सगळी मुले दादा म्हणतात.
अन्यायग्रस्त: कोल्हापूरचा एक विद्यार्थी, त्या संघाचा बचावपटू.
साक्षीदार: माझी पत्नी, वृद्धाश्रमात नर्स; तसेच नुकताच गाडीतून उतरलेला एक गोलकीपर.
काळ: एका ऑक्टोबरपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.

नावे मुद्दाम गाळली आहेत. येथे मराठी घरे इतकी थोडी की ज्याला कळायचे त्याला नावाशिवायही कळेल.

पत्नीला येथे नोकरी लागली म्हणून मी या देशात आलो. जर्मन मला येत नाही. तरीही मुले आपली गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडेच येतात, कारण अर्ज कोणत्याही भाषेतला असो, आधी काय घडले आणि मग काय घडले हे क्रमाने सांगता यावे लागते, आणि ते पदव्युत्तर शिकणाऱ्यांनाही साधत नाही. मी क्रम लावून देतो, मुले त्याचे जर्मन करून घेतात. आजवर मी सगळे इतरांसाठी लिहिले. हे मात्र कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. किळस आली म्हणून लिहितो आहे.

या शहरात मोटारीला जागा मिळते, विद्यार्थ्याला मिळत नाही. प्रवेशाचे पत्र हाती असलेली मुले तात्पुरत्या वसतिगृहांत बॅगांवर डोके ठेवून झोपतात. दादा स्वतः येथेच शिकले, आता मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत आणि सहकुटुंब दुसरीकडे राहतात. पण विद्यार्थीदशेतले चार खोल्यांचे मोठे भाड्याचे घर त्यांनी सोडलेले नाही. त्या खोल्या ते मुलांना देतात, आणि त्या फक्त खेळणाऱ्यालाच मिळतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांचा फोनवर एक ग्रुप असतो. त्यात बाकीचे जुने विद्यार्थी नव्यांना विषय कोणते घेतलेस असे विचारतात. दादा विचारतात, "कुठल्या जागेवर खेळतोस? व्हिडिओ टाक."

कोल्हापूरच्या मुलाने व्हिडिओ टाकला. त्याची आई माझ्या पत्नीच्या माहेरची, म्हणून त्याला उतरवून घ्यायला मीही स्थानकावर गेलो होतो. दादांनी त्याच्या बॅगेला हात लावला नाही. आधी खाली वाकून त्याची पोटरी दाबून पाहिली.

"उंची खरी सांगितलीस ना रे?"

"मोजून घ्या की दादा."

"हेडर येतो?"

"पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडनं खेळलोय. म्हणाल तर डोक्यानं नारळ फोडतो."

सगळे हसले. "मग रूम तुझी," दादा म्हणाले. मला बैलांचा बाजार आठवला. तिथे निदान उतरलेल्या जनावराला आधी पाणी दाखवतात.

पुढे जे झाले त्याला दादा 'प्लेअर डेव्हलप करणे' म्हणतात. पहाटे डॅन्यूबच्या काठाने पळणे, उकडलेली अंडी, कसली तरी पावडर. हॉलमधला सराव आणि प्रयोगशाळेचा तास एकाच वेळी येत असे, आणि तास बुडत असे. फेब्रुवारीत मुलगा एका विषयात नापास झाला. दादांनी समजूत घातली, "पेपर परत देता येतो रे. सेमीफायनल परत देता येत नाही." वाक्य ऐकायला टाळीचे आहे. पण या देशात एका विषयाची परीक्षा तीनदाच देता येते, आणि तिसऱ्यांदा नापास झालेल्याला तो अभ्यासक्रम देशात कुठेही पुन्हा घेता येत नाही, हे या सद्गृहस्थांना पुरते ठाऊक होते. ते येथूनच पास झाले आहेत.

उन्हाळ्यात ड्युसेलडॉर्फला स्पर्धा झाली. संघ जिंकला, आणि मुलगा आमच्या दारात आला तो दोघांच्या खांद्यांवर. पत्नीने गुडघा पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"ही सूज आजची नाही. आधीपासूनची आहे. असल्या पायावर खेळलास?"

"दुखू नये म्हणून स्प्रे मारला होता मावशी."

"तू मारलास, का त्यांनी?"

त्याने पँट गुडघ्यावर ओढून घेतली. नंतर शस्त्रक्रिया झाली. आजारपणाचा दाखला देऊन परीक्षा पुढे ढकलता येते हे त्याला कोणी सांगितले नाही. उलट "देऊन टाक, सोपा असतो" असे सांगितले गेले. गोळ्यांच्या गुंगीत त्याने पेपर दिला आणि दुसऱ्यांदा नापास झाला. आता येत्या फेब्रुवारीत तिसरी आणि शेवटची संधी. त्या संधीसाठी त्याला एक टेबल, एक दार आणि चार महिने स्वस्थता हवी होती. इतकेच.

सप्टेंबरात फोनवर निरोप आला: "भावा, पुढच्या महिन्यात गोलकीपर येतोय. रूम लागेल. टेक केअर." शेवटी वर केलेला अंगठा.

मी दादांच्या घरी गेलो.

"काका, या ना. चहा घेणार?"

"चहा नको. पोराला फेब्रुवारीपर्यंत राहू द्या."

"आल्झो, म्हणजे असं बघा काका, रूम प्लेअरची असते. पहिल्यापासूनच तसं ठरलंय. एकाला असंच ठेवलं, तर उद्या टीम राहील का?"

"तुमच्याच टीमसाठी खेळताना पडला तो."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर ट्रॉफीच्या फोटोत त्याला मधे बसवलं."

हे ते मनापासून म्हणाले. उपकार सांगावा तसे. मी उठलो, तेव्हा दारापर्यंत येऊन म्हणाले, "मंडळाला एक अर्ज लिहा ना तुम्ही. छान लिहिता म्हणे." मंडळ म्हणजे येथील मराठी मंडळ. संघाला जर्सी तेच देते आणि ती ट्रॉफी गणपतीच्या मंडपात मंडळानेच मांडली होती.

मुलगा आमच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर आला. त्याचा पत्ता येथे नोंदवायला आमच्या घरमालकाने नकार दिला, म्हणून सरकारदरबारी तो अजून दादांच्याच घरी राहतो. निवासाचा परवाना वाढवून मिळण्याचे पत्र तिथेच यायचे आहे. एक दिवस तो कुबड्या टेकत पत्र पाहायला गेला आणि परतला तो रिकाम्या हाताने. पत्रपेटीवरची त्याच्या नावाची पट्टी काढून टाकली होती. येथे पेटीवर नाव नसले की पोस्टमन पत्र परत नेतो. खोली घेतली त्याला एखादा व्यवहार म्हणेल. पण त्या पट्टीने कोणाची जागा अडली होती?

"तू दादांना काही बोलत का नाहीस?" मी त्याला विचारले.

"काय बोलायचं काका? आमच्या तालमीत कुणाचा पाय मोडला, तर पेठेतनं घराघरातनं डबा येतोय. सहा महिने कॅरम खेळायला माणसं येत्यात. मला वाटलं, हीपण तसलीच पेठ." मग म्हणाला, "नियम कळला असता तरी आलोच असतो म्हणा. दुसरीकडं रूमच नव्हती."

गोलकीपर येणार त्या दिवशी मी स्थानकावर गेलो. मुलगाही आला. नको म्हटले तरी आला, पट्टीबद्दल दादांना समोरासमोर विचारायचे म्हणून. गाडी आली. दादांनी नव्या मुलाचे पंजे हातात धरले, बोटे ताणून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. नव्याचे लक्ष मात्र कुबड्यांकडे होते.

"यांना काय झालं?"

"खेळताना. होतं कधीकधी," दादा म्हणाले.

"मग हे राहतात कुठं?"

दादांनी फोन काढला. संघातली मुले सरकत्या जिन्याकडे पाहू लागली. कोल्हापूरचा मुलगा जे विचारायला आला होता ते त्याने विचारले नाही. नव्या मुलाने क्षणभर वाट पाहिली, मग आपल्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि दादांच्या मागे गेला. त्याला मी दोष देत नाही. तोही दुसरीकडे कुठे जाणार होता?

तरी दादा व मंडळाची कार्यकारिणी यांना विनंती की, अन्यायग्रस्ताच्या नावाची पट्टी पत्रपेटीवर आजच पुन्हा लावावी. परीक्षा होईपर्यंत त्याची खोली त्याला परत द्यावी आणि गोलकीपरची सोय मंडळाने करावी. आणि फलाटावर विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखी, सहीनिशी द्यावे. उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवावे. आमच्या पेटीवर नाव आहे.