नाकाला चातुर्मास नसतो

"ऐसा है मॅडम, नाकाला चातुर्मास नसतो," असं म्हणून आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल वाइनचा ग्लास नाकाशी नेत, डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि ग्लास जसाच्या तसा माझ्याकडे सरकवत. आषाढी ते कार्तिकी त्यांचा कांदा, लसूण, वांगं बंद, तशीच वाइनही बंद. वास घेणं मात्र चालू. ही सवलत कुठल्या पोथीत दिली आहे, असं मी एकदा विचारलं. "पोथी लिहिणाऱ्यानं वाइन बघितली नव्हती," असं उत्तर मिळालं.

तुमच्याही ओळखीत असा कुणीतरी असेल, ज्याला पन्नाशीनंतर छंद लागतो आणि त्याची झळ शेजाऱ्यापाजाऱ्यांना बसते. आमच्या होळकरांच्या शहरात, भंवरकुआंजवळच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायचे, सर खाली ग्रंथालय सांभाळायचे, आणि आम्ही राहायचो एकाच गल्लीत. म्हणजे माझी सुटका नव्हतीच. "खापरपणजोबांनी होळकरांची दप्तरं सांभाळली, मी बाटल्या सांभाळतो, खानदानी काम आहे," असं ते बायकोसमोर, म्हणजे आमच्या वहिनींसमोर म्हणायचे. वहिनी ऐकलं न ऐकलं करायच्या.

सुरुवात नाशिकला झाली. एका लग्नाला गेले होते, मुहूर्ताला वेळ होता, म्हणून वऱ्हाडातल्या चौघांबरोबर द्राक्षांचा मळा बघायला गेले. बाकीच्यांनी फोटो काढले, सरांनी बाटली आणली. मग बंगळूरकडची आली. मग त्यांचा जहाजावर नोकरी करणारा भाचा सुट्टीवर येताना कधी पोर्तुगालची, कधी चिलीची आणू लागला. ग्रंथालयातून रद्दीत निघालेला जगाचा नकाशा त्यांनी दिवाणखान्यात लावला आणि जिथली वाइन चाखली तिथे वहिनींच्या पाकिटातली एक टिकली चिकटवायची, असा नेम सुरू केला. स्वतः हा माणूस नाशिकच्या पलीकडे कधी गेला नव्हता. पण सोमवारी स्टाफरूममध्ये येऊन गंभीरपणे सांगायचा, "काल चिलीला जाऊन आलो. डोंगराळ भाग आहे."

बाटलीवरचं वर्णन त्यांना अजिबात पटायचं नाही. "ब्लॅकबेरी खाल्लीय तुम्ही कधी? मी पण नाही. मग इमानदारीत जांभूळ म्हणा ना." त्यांची स्वतःची यादी होती: भिजवलेले मनुके, नव्या पुस्तकाची बांधणी, कोथिंबिरीचे देठ, पावसात ठेवलेली चामड्याची चप्पल. एका पांढऱ्या वाइनला त्यांनी अर्धा तास विचार करून "कैरीची साल, पण दुसऱ्या दिवशीची" असं ठरवलं. मला प्रत्येक ग्लासात एकच वास यायचा. "द्राक्षं," मी म्हणायचे. "मॅडम, तुम्ही केमिस्ट्री शिकवता की नागरिकशास्त्र?" ते विचारायचे. वहिनी हसायच्या आणि मला जास्तच चीड यायची.

बरोबर काय खायचं, याचेही प्रयोग चालायचे. नाशिकची पांढरी आणि भुट्ट्याचा कीस ही जोडी एकदम जमली. थंडीत तळलेल्या गरम गराडूवर, म्हणजे आमच्याकडच्या कंदावर, मसाला भुरभुरून बंगळूरकडची लाल, तीही छान. पोर्तुगालच्या लालबरोबर मात्र त्यांनी तुपात बुडवलेले दाल-बाफले ठेवले, आणि आम्ही तिघंही दुपारी दोनपासून पाचपर्यंत बसल्या जागी झोपलो. त्या बाटलीची चव अजून कुणालाच माहीत नाही.

मग एका श्रावणात त्यांना ताप आला. आठवड्यात उतरला. रविवारी मी गेले तेव्हा वहिनींनी नवी बाटली उघडून ग्लास भरला आणि सरांच्या हातात दिला. त्यांनी नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "उघडली का बाटली?"

वहिनींनी तोच ग्लास माझ्या नाकाशी धरला. वास तर भरभरून येत होता.

डॉक्टर म्हणाले, येईल वास परत, किंवा नाही येणार. मी म्हटलं, "सर, एक घोट घेऊन तर बघा, जिभेला काय कळतंय ते तरी समजेल." वहिनीसुद्धा म्हणाल्या, "औषध समजून घ्या, देव काही रागावत नाही." ज्या बाईनं दहा वर्षं नाक मुरडलं, तिनं हे म्हणावं. पण सर ऐकेनात. "कार्तिकीपर्यंत नाही." मला वाटलं, काय हा हट्ट. नंतर लक्षात आलं, ते घाबरले होते. घोट घेतला नव्हता तोवर आशा होती. ते तीन महिने त्यांनी नकाशाकडे पाठ करून पेपर वाचला.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. भाच्यानं आणलेली इटलीची बाटली होती. सरांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. "आंबट आहे," ते म्हणाले. "गार आहे. बस." मग ग्लास माझ्यापुढे केला. "मॅडम, तुम्ही सांगा."

मी आयुष्यात इतकी घाबरून कशाचा वास घेतला नसेल. द्राक्षं म्हणायची सोयच नव्हती. तीनदा नाक खुपसलं. "जांभूळ," मी म्हटलं. "आणि... लवंग. डब्याचं झाकण नुकतंच उघडल्यासारखी." सरांनी डोळे मिटले होते. "आणखी," ते म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांचं नाक झाले. आधी खूप चुकायचे, मग कमी चुकायला लागले. आठवडाभर स्वयंपाकघरात डबे उघडून हुंगत बसायचे, घरचे म्हणाले हिला काय झालं. सर बारीक तपासणी करायचे. "जांभूळ कोवळं की पिकलेलं? लवंग म्हणता, दालचिनी नाही ना? नीट बघा." मी भांडायचे, परत वास घ्यायचे, आणि खरंच दालचिनी असायची. किती अंदाज अचूक या माणसाचे, असं मला वाटायचं. नकाशावर पुन्हा टिकल्या वाढू लागल्या.

मागच्या उन्हाळ्यात सर दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

महिन्याभरानं मी वहिनींकडे बसले होते. बोलता बोलता म्हटलं, "एवढंच वाईट वाटतं, शेवटपर्यंत त्यांना वास आला नाही."

"आला होता," वहिनी म्हणाल्या. "पहिल्याच संक्रांतीला. मी आत तिळगुळाचा पाक करत होते, गूळ लागला, तर हे बाहेरून धावत आले, करपतंय म्हणत. मला शपथ घातली, मॅडमना बोलायचं नाही."

"का पण?"

"म्हणाले, मी परत सांगायला लागलो की त्या गप्प बसतील."

म्हणजे सव्वा वर्ष त्यांना सगळं येत होतं, आणि मी समोर बसून त्यांना दालचिनी समजावत होते. मला भयंकर राग आला. जाऊन चांगलं भांडावं असं वाटलं, आणि भांडायला माणूस नाही म्हणून तिथेच, वहिनींसमोर, रडू फुटलं.

डोळे पुसून घरी निघाले. गल्लीत कुणाच्या तरी घरी मेथीची भाजी फोडणीला पडली होती. हिंग जरा जास्त झालाय, हे मला चालता चालता कळलं.