विशाखा झोपली नव्हती

सकाळी पाववाला पोदेर दारात सायकल उभी करून उंडे देत होता, तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. शाळेतल्या जुन्या वर्गाचा ग्रुप. 'आपली विशाखा आज पहाटे गेली. डिचोलीला. तापाचं निमित्त झालं.' त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मग कुणीतरी विचारलं, कोण विशाखा, आपल्या वर्गात दोन होत्या ना? आणि उत्तर आलं, 'ती गे, हळर्णची. बुद्धिबळ खेळताना निजलेली ती.' एकीला हसू आवरलं नाही. तिनं हसरा चेहरा टाकला आणि घाईघाईनं पुसला. माणूस जाऊन चार तास झाले नव्हते! असा संताप आला की त्या सगळ्यांच्या कानाखाली एकेक वाजवावी. पण वाजवायचीच तर पहिली माझ्याच. विशाखा झोपली नव्हती हे जगात दोघींनाच ठाऊक आहे अशी तेव्हा माझी समजूत होती. त्यातली एक गेली, आणि दुसरीनं, म्हणजे मी, ग्रुपवर मुकाट्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि उंडे आत नेले.

आता वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर चार चांगले शब्द लिही, असं मला सांगण्यात आलं आहे. तिच्याविषयी चांगले शब्द हवे तेवढे आहेत. माझ्याविषयी मात्र एकही सापडत नाही, आणि दोघींना वेगळं करून हे लिहिता येत नाही.

सातवीत असताना पेडण्याच्या वाचनालयात वरच्या खोलीत आम्हाला एक सर बुद्धिबळ शिकवायचे. मुली दोनच, मी आणि विशाखा. मी बाजारातली, घर पाच मिनिटांवर. ती हळर्णहून वडिलांच्या बसनं यायची. वडील खासगी बसवर ड्रायव्हर. येताना खिशात चिंचा किंवा आवळे, आणि चाल सुचेपर्यंत ते चघळत बसायची. भयंकर हळू खेळायची. सर कावायचे, "विशाखा, तुझ्या एका चालीत माझी च्या थंड होता गे!" ती हसायची आणि आणखी दोन मिनिटं घ्यायची. पण घेतलेल्या वेळाचं ती काहीतरी करायची, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पाठ केलेलं खेळायचे, ती विचार करून खेळायची. जिंकायला लागली की तिलाच वाईट वाटायचं, माझ्या राजाला म्हणायची, "माफ कर हां बाबा." मला ते मुळीच आवडत नसे.

वाचनालयात चावीचं एकच घड्याळ होतं, एका पेटीत दोन तबकड्या असलेलं. आपली चाल झाली की आपल्या बाजूची कळ दाबायची. आपला वेळ थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. काटा बाराला पोचला की लाल पातं पडतं, आणि ज्याचं पडलं तो हरला, पटावर काही का असेना. आमच्या घड्याळाची डावीकडची कळ अडकलेली होती, कितीही दाबली तरी खाली जात नसे. मात्र उजवीकडची कळ नखानं वर उचलली की डावीकडची आपसूक खाली जायची. उजवीकडे बसायचे मी. म्हणजे विशाखानं चाल करायची, माझ्याकडे बघायचं, आणि मी माझी कळ उचलून तिचं घड्याळ थांबवायचं. "उचल गे," म्हणायची सुरुवातीला. पुढे तेही म्हणायची गरज उरली नाही, तिनं बघितलं की माझं बोट जायचंच. दोन वर्षं आम्ही असं खेळलो. मध्येच बाजू का बदलल्या नाहीत, असं कुणी विचारील. मला त्या अडकलेल्या बाजूला बसायचं नव्हतं, म्हणून. ती कधी बोलली नाही.

नववीत असताना म्हापशाला राज्याच्या संघासाठी मुलींची निवड स्पर्धा होती. तिच्या वडिलांनी वाचनालयाच्या दारात, माझ्या देखत सरांना सांगितलं होतं, "टीमीत आली तर खेळू दी. नायतर दहावीचा पुस्तक आणि घर. माका परत विचारूचा नाय." माझ्या घरी असलं काही नव्हतं. मी हरले असते तर बाबांनी म्हापशाच्या बाजारात मला आइस्क्रीम खाऊ घातलं असतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं असतं. तिला पुढचं वर्ष नव्हतं. हे मला स्पष्ट माहीत होतं, आणि ते मी इथे स्पष्टच लिहिते, नंतर कुणी माझ्या वयाकडे बोट दाखवून मला सोडवायला नको.

स्पर्धेतली घड्याळं धड होती, दोन्ही कळा लोण्यासारख्या चालत होत्या. विसरू नये म्हणून विशाखानं उजव्या हातावर निळ्या पेनानं फुली काढली होती. चाल केली की फुली बघायची आणि कळ दाबायची. पाच फेऱ्या ती एकदाही विसरली नाही. समोर परक्या मुली होत्या. सहावी, शेवटची फेरी... फलकावर आमची नावं समोरासमोर. चौथी जागा उरली होती, जी जिंकेल तिची. "तूच गे?" म्हणाली आणि हसली. घामानं फुली अर्धी पुसली होती.

तीन तासांनी पटावर मी हरल्यात जमा होते. तिचं एक प्यादं वजीर व्हायला दोनच घरं उरली होती आणि माझ्या हत्तीला तिथं पोचता येत नव्हतं. वेळ दोघींकडेही थोडा, माझ्याकडे सहा मिनिटं, तिच्याकडे जेमतेम चार. तिनं ते प्यादं बोटाच्या टोकानं पुढे सरकवलं, हात मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. कळ दाबली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, वाचनालयात बघायची तशी.

माझं बोट टेबलाखाली हललं, खोटं कशाला सांगू. मग मी दोन्ही हात कपाळाला लावले आणि मान खाली घातली, मोठा विचार चाललाय असं दाखवत. काय विचार करणार होते, डोंबल! मी तिच्या घड्याळाची टिकटिक ऐकत होते. तिला वाटत होतं माझाच वेळ जातोय. घड्याळाकडे तिनं बघितलंच नाही, कारण आमच्या दोघींत घड्याळ बघायचं काम माझं होतं. एकदा तिनं आवळा तोंडात टाकल्याचा आवाज आला. चार मिनिटं फार मोठी असतात. त्या चार मिनिटांत कुठल्याही क्षणी नुसती मान वर केली असती तरी तिला कळलं असतं. पातं पडलं तेव्हा मी पंचांना हाक मारली. आवाज अगदी स्वच्छ आला माझा.

तिनं आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "उचलूक नाय तू?" एवढंच म्हणाली. पंचांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांना वाटलं पोर गोंधळली आहे. त्यांनी कागदावर सह्या घेतल्या. नियमाप्रमाणे मी काहीही चुकीचं केलं नव्हतं. हे वाक्य मी वीस वर्षं स्वतःला ऐकवत आले आहे आणि आता त्याचा मला वीट आला आहे.

परत येताना तिच्या वडिलांच्याच बसनं आलो, दुसरी बस तासभर नव्हती. म्हापशाच्या स्टँडवर ओळखीच्या कुणीतरी विचारलं, काय झालं पोरीचं? वडील स्टिअरिंगवरून मोठ्यानं म्हणाले, "काय होतला? जिंकलेला खेळ सोडून चार मिनिटा बोर्डार बसान न्हीद काढल्यान!" अख्खी बस हसली. विशाखा खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या मागच्याच सीटवर होते. ती झोपेची गोष्ट बसबरोबर पेडण्याला आली, तिथून हळर्णला गेली, आणि तिला चिकटली ती कायमची. सरांनी विचारलं, "विसारलंस कशी गे?" ती पटावरची प्यादी डब्यात भरत राहिली. ते अडकलेलं घड्याळ सरांना ठाऊक होतं. त्यांच्या लक्षात आलं नाही, की येऊनही ते गप्प बसले, ते तेच जाणोत. वाचनालयानं माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. विशाखानं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ती वरच्या खोलीत आली नाही.

आणि मी त्या जागेचं काय सोनं केलं? राष्ट्रीय स्पर्धेत अकरा फेऱ्यांत अडीच गुण. पुढच्याच वर्षी कंटाळा आला म्हणून बुद्धिबळ सोडलं. कंटाळा आला म्हणून! तिच्याकडून घेतलं ते मला नीट वापरताही आलं नाही.

बारावीनंतर तिचं लग्न झालं, डिचोलीला गेली. सहा-सात वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती मिरच्या निवडताना दिसली. मी आधी खांबाआड झाले, हेही सांगून टाकते. पण तिनंच हाक मारली. जाड झाली होती, हसणं तेच. नवरा कारखान्यात, एक मुलगी, घर मुख्य रस्त्याला लागून. मी म्हटलं, "विशाखा, त्या दिवशी..." ती थांबली. मिरच्यांची पिशवी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. आणि मी वाक्य फिरवलं, त्या दिवशी तुझ्या भावाची भेट झाली होती असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "ये गे एकदा घराक. डिचोली काय परमुलखात नाय." येते म्हटलं. दर चवथीला तिचा मेसेज यायचा, 'येतलंस मगे?' आणि मी गणपतीचं चित्र पाठवायचे. पेडण्याहून डिचोली, स्कूटरनं तासभरसुद्धा लागत नाही.

तिच्या बाराव्यानंतरच्या रविवारी गेले. तिचा नवरा एकटाच घरी होता, मुलगी आजोळी. मी बसले आणि पाणी प्यायच्या आधी सगळं सांगितलं... कळ, फुली, चार मिनिटं, बसमधलं हसणं. रडलेही.  मी थांबल्यावर ते म्हणाले, "माका ठावक आसा. लग्नाच्या पयल्याच वर्सा तिना सांगलेला. मी म्हटलंय, जावन विचारया तिका. तर म्हणाली, नको, ती येतली आपणहून. ती आली काय तू कायेक बोलू नको, च्या कर."

मला वाटलं ते आता ओरडतील. बरं झालं असतं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आता माका सांगून काय करतलात?" मग आत गेले. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

मी बसले होते ती खिडकीजवळची वेताची खुर्ची. बसताना त्यांनी सांगितलं होतं, ही तिची, दुपारी भाजी निवडायला इथेच बसायची. खिडकीच्या कठड्यावर अजून शेंगेची वाळलेली शीर पडली होती. काय करावं कळेना, म्हणून मी बाहेर बघितलं. समोर म्हापशाहून येणाऱ्या बसचा थांबा आहे. एक बस आली, तिघंजण उतरले. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड या खुर्चीतून स्वच्छ दिसतं.