एक पॉइंट बेचाळीस व्होल्ट

हृतिक माझा मित्र आहे आणि भित्रा आहे. दोन्ही गोष्टी मी त्याच्या तोंडावर सांगतो. पनवेलजवळच्या कोन गावात राहणारा हा गडी गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. रिप्ले चालवायचा पनवेलचा अबरार, आणि माइकवरची बडबड माझी.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही म्हणून जुन्याचाच वेग वाढवून ठेवलेला. ते काम अबरारचं. तो वेग जरासा वाढवणार, मग प्रोसेसरचं व्होल्टेज चिमटीने मीठ घालावं तसं वाढवणार, मग तासभर मशीनला राबवून तापमान बघत बसणार. तेही मे महिन्याच्या भर दुपारी, पत्र्याखाली. कारण मशीन चालायची मंडपात. १.२५ व्होल्टवर थांबून त्याने हृतिकला बजावलं होतं, याला हात लावू नकोस.

हृतिकने लावला. फायनलच्या सकाळी त्याला चौथा कॅमेरा जोडायची हौस आली. वेग वाढवला, मशीन अडखळायला लागली, तर पठ्ठ्याने व्होल्टेज सरळ १.४२ करून टाकलं. एसीच्या बेडरूममध्ये अर्धा तास चालवून बघितलं आणि आम्हाला काही न बोलता टेम्पोत चढवलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

शेवटच्या चेंडूवर रनआउटचं अपील झालं. अंपायरने रिप्लेसाठी मंडपाकडे हात केला. अबरारने माउस धरला आणि स्क्रीन काळी झाली. जादा व्होल्टेजने तापलेल्या प्रोसेसरने स्वतःला वाचवायला मशीन बंद केली होती, पण मैदानावर ते कोणाला कळणार? अंपायरने अंदाजाने बाद दिलं, यजमान संघ हरला आणि अख्खं मैदान मंडपात घुसलं.

एकाने अबरारची कॉलर धरली. "तूच बंद केलास. आमी काय आंधले हाव?"

पहिला स्टंप खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. त्याला खाली पाडून पोटात लाथा घातल्या. मग माउसवरचा तो हात खुर्चीच्या पायाखाली धरला आणि एक धिप्पाड माणूस त्या खुर्चीवर दाणकन बसला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. अबरारच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तो एकटक हृतिककडे बघत होता. हृतिक कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला मिठी मारून उभा होता. एक शब्द बोलला असता तर तो हात वाचला असता. मीही काही शूर नाही, मी खांबाआड होतो. अजून चीड येते, स्वतःचीसुद्धा.

दुसरा हात खुर्चीखाली ओढला तेव्हा कुठे हृतिकला कंठ फुटला. त्याने नाही, माझ्यामुळे बंद पडलं, असं तो ओरडला. मग तोही तुडवला गेला. त्याचे दोन दात गेले आणि कॅबिनेटचा चेंदामेंदा झाला. पोलीस आले तेव्हा मंडप जमिनीवर होता.

दवाखान्यात अबरारची तीन बोटं पुन्हा वळतील की नाही, हे डॉक्टर सांगेनात. हृतिक त्याच्या खाटेशी बसून सुजलेल्या तोंडाने रडत होता. व्होल्टेज आपणच वाढवलं होतं, हे त्याने एकदाचं कबूल केलं.

"स्क्रीन काळी झाली तेव्हाच कळलं मला," अबरार म्हणाला.

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."