पणजोबांनी मोडलेली थेटरं

आमच्या पणजोबांनी एका मूकपटात काम केलं आणि मुंबईची थेटरं मोडली. (म्हणजे गर्दीने. दारं, खुर्च्या आणि एका गोऱ्या साहेबाची छत्री.) पोलादपूरच्या वर डोंगरातल्या आमच्या वाडीत ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय, आणि दरवर्षी पणजोबा थोडे जास्त शूर होतात. गेल्या खेपेला ते सेनापती होते आणि घोड्यासकट कड्यावरून उडी मारत होते. याच कीर्तीवर जत्रेतला मानाचा पहिला नारळ आमच्या घरात येतो.

यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी मुंबईहून चुलतभाऊ सुरेश आला. "दादा, आपला पिक्चर मोबाईलवर सापडला. आज देवळात लावू, सगळ्यांना दाखवू."

सिनेमाचं नाव घरात सगळ्यांना पाठ होतं. बघितला कुणीच नव्हता.

"गेला नारळ," बायको म्हणाली. "आता खोबरं विकत आणायची सवय करा."

आरती झाली, चादर टांगली, मोबाईलला प्रोजेक्टर जोडला. सिनेमाला आवाज नाही म्हणून सुरेशने सनई-ढोलाचा खालूबाजाही बसवला. लढाई सुरू झाली. सगळे सैनिक एकाच तऱ्हेच्या फेट्यात. मी एकाकडे बोट केलं, "हे बघा पणजोबा." त्याला लगेच भाला लागला. मी दुसरा निवडला. तोही मेला.

"किती वेळा मरतोय रे तुझा पणजा?" गावकीचे प्रमुख बाळूकाका म्हणाले.

मग राणी आली. नऊवारी, नथ, पदर सावरत. (तेव्हा सिनेमात बाप्येच लुगडी नेसायचे.) तिचा चेहरा चादरभर झाला आणि वाजंत्री वाजवायचे थांबले. नाक डावीकडे वाकडं, शेंड्याला खड्डा. अख्खी वाडी वळून माझ्या नाकाकडे बघायला लागली.

नव्वदीची आमची भागीआजी म्हणाली, "आमचं मामंजीच हायत ते. सासूबाईच सांगायच्या, मिशी काढून आलं तवा वरीसभर बोलल्या नव्हत्या त्यांच्याशी."

"आजी, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू बोलू दिलंस कधी?"

बाळूकाकांनी तिथल्या तिथे गावकी बसवली. माझा जीव नारळात अडकलेला.

"थेटरं मोडली ती या राणीनंच, तवा मान तुमचाच," ते म्हणाले. "पन बाईमानसाला आपन नुसता नारळ देत नाय. वटी भरतो."

दुसऱ्या दिवशी भर जत्रेत मी उपरणं पसरून उभा राहिलो. खण, तांदूळ, नारळ. वर हळदकुंकू.

मागून बायको हळूच म्हणाली, "पदर सावरा."