मुद्दाम तिरकं स्टूल

फोटोवाले स्वतःला फार मोठे समजत नसत. फक्त बाकीच्यांना लहान समजत. सारा जन्म ओळखपत्रांचे फोटो काढण्यात गेला. "हनुवटी खाली, हलू नका," एवढंच त्यांचं जगाशी बोलणं. दुकान मुलीकडे सोपवल्यावर घर खायला उठलं, म्हणून बायकोनेच त्यांना फोटोग्राफीच्या वर्गात ढकललं.

तिथे शिकवणाऱ्या बाईंनी पहिला धडा दिला: घरातली रोजची एक वस्तू निवडा, दिवसभर तिच्यावरच नजर ठेवा आणि उजेड सरकेल तसे फोटो काढा. फोटोवाल्यांनी आधी नाक मुरडलं. मग त्यांना स्वयंपाकघरातलं स्टूल दिसलं. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. खिडकीतून ऊन आलं आणि त्याची तिरकी सावली भिंतीवर अशी चढली, की बघता बघता फोटोवाल्यांचा चहा निवून गेला. बायको दिवसभर त्या स्टुलाला वळसा घालून कामं करत राहिली.

वर्गाच्या प्रदर्शनात तोच फोटो दारासमोर लागला. बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काका, हा तिरकेपणा कसा सुचला?"

"मुद्दाम ठेवलाय," फोटोवाले ऐटीत म्हणाले. "त्यासाठी नजर असावी लागते."

टाळ्या पडल्या. मागे उभी असलेली बायकोही टाळ्या वाजवत होती, पण तिचं उजवं मनगट पुरतं वळत नव्हतं. मागल्या वर्षी माळ्यावरचा डबा काढताना ती त्याच स्टुलावरून पडली होती. "उद्याच नीट करतो," असं त्यांनी तेव्हा दवाखान्यात म्हटलं होतं. त्याआधीही म्हटलं होतं.

ते मनगट दिसलं आणि फोटोवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानातलं गिऱ्हाइकाचं स्टूल त्यांनी कधी तसूभर डुगडुगू दिलं नव्हतं, कारण माणूस हलला की फोटो बिघडतो. घरात माणूस पडलं तरी त्यांचं चाललं. खोटं बोलल्याची लाज होतीच. त्याहून मोठी लाज याची, की दिवसभर डोळे फाडून बघूनही त्यांना तिथे फक्त सावली दिसली.

घरी येताच कपडेही न बदलता त्यांनी हातोडी, खिळे, लाकडाचा तुकडा शोधला आणि स्टूल उलटं केलं. खिळा काही सरळ धरता येईना.

बायको दारात येऊन उभी राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"अहो, आधी बाईंना विचारा," ती शांतपणे म्हणाली. "आणखी फोटो हवे असतील त्यांना."