दुसऱ्या सॉकेटवरची घंटा

भोरचा मतीन कामथडीजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात कॉम्प्युटर सांभाळायचा. सर्व्हर एकच, त्यात दोन प्रोसेसर. दुधाची वजनं त्याच्यावर, पावत्या त्याच्यावर, आणि दूध गार करणारा अमोनिया वायू गळाला की कंप्रेसरच्या खोलीत वाजणारी घंटाही त्याच्यावरच. तिच्या भरवशावर आतला माणूस बिनघोर काम करायचा. आतला माणूस म्हणजे उत्रोलीचे सर्जेराव. आयुष्य अमोनियाच्या वासात गेलेलं, वास वाढला तरी त्यांच्या नाकाला पत्ता लागत नसे. मतीनला ते घरच्या पोरासारखं वागवायचे.

दर शुक्रवारी बटण दाबून घंटा वाजवून बघायची, असा मतीनचा शिरस्ता. पण नेमकं तेव्हाच त्याला नसरापूरला नमाजाला जायचं असे. "जा तू, म्या दाबतो," सर्जेराव म्हणायचे. परतल्यावर मतीन विचारायचा, "तात्या, झाली का घंटा?"

"झाली रं."

कधी झालेली असे, कधी नसे. आता ह्याला प्रेम म्हणा नाहीतर आळस म्हणा!

२००९ च्या मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. सर्व्हर तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. दारात टेम्पो तटायचे, कॅनमधलं दूध नासायचं, आणि मॅनेजर मेला एसीचं बघायचं सोडून मतीनला घालूनपाडून बोलायचा. शेवटी गुरुवारी मतीनने सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही प्रोसेसरचे निम्मे निम्मे कोअर बंद केले, म्हणजे त्यांची ताकद अर्धी केली. तेवढ्यानं भागेना. मग दुसरं सॉकेटच बंद केलं, म्हणजे त्यातला अख्खा प्रोसेसर झोपवला. यंत्र थंडावलं. वजनं आली, पावत्या निघाल्या, मतीनचा जीव भांड्यात पडला.

पण घंटा सर्व्हरला जोडणारं कार्ड ज्या खाचेत बसवलं होतं, ती खाच त्या दुसऱ्या प्रोसेसरच्या जिवावर चालायची. तो झोपला आणि घंटा मुकी झाली. हे बापड्याच्या ध्यानातच आलं नाही. शुक्रवारी त्याने नेहमीसारखं विचारलं, आणि तात्या नेहमीसारखं म्हणाले, "झाली रं."

शनिवारी सकाळी एक पाइप बारीक गळायला लागला. घंटा वाजती तर सर्जेराव तेव्हाच बाहेर पडले असते. ते तिथंच वाकून काम करत राहिले, आणि पाइपचा जोड त्यांच्या तोंडावरच सुटला.

लोकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं, डोळ्यांवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं. कुणी टेम्पो वळवायला धावलं. घंटा का वाजली नाही, म्हणून मतीन सर्व्हरकडे पळाला. पडद्यावर कार्डाचा पत्ताच नव्हता. तेव्हा त्याला उमगलं. अरे देवा, असं उमगणं वैऱ्याच्याही वाट्याला नको! त्याने सॉकेट पुन्हा चालू केलं. यंत्र उठलं आणि घंटा ठणाणा करत सुटली.

मतीन टेम्पोपाशी आला तर डोळ्यांवर ओलं फडकं घेतलेल्या सर्जेरावांनी चाचपत त्याचा हात धरला.

"वाजतीय की रं! बरी हाय तुजी घंटा. म्या काल दाबलीच न्हवती, लई भ्या वाटलं, म्हनलं माज्यामुळंच झालं. मगाशी मलाच ऐकू आली नसंल."

मतीनने त्यांच्या डोळ्यांवरचं फडकं नीट केलं. टेम्पो निघून गेला.

डोळे गेले ते गेलेच. आता सर्जेराव उत्रोलीच्या घरी ओट्यावर बसून असतात. येईल त्याला सांगतात, पोराची घंटा चांगली होती, माझेच कान फुटके. शुक्रवारी नमाज झाला की मतीन तिकडे जातो. ते सांगत असतात तेव्हा तो शेजारी बसलेला असतो. सॉकेटचं त्याने त्यांना अजून सांगितलेलं नाही.